सदरा उरतो, अर्थ निघून जातो

कापूस उत्पादकांच्या प्रश्नावर मध्यंतरी धुळ्याला कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. बैठक संपून मंडळी चहासाठी उठली, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे टक लावून पाहत राहिले. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा. बापाला मोटारसायकलवरून न्यायला आलेला. अंगात तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा सदरा आणि छातीवर लाल पंचकोनी तारा. आमच्या सहकाऱ्यांचे डोळे चमकले. "कोणत्या शाखेचा रे तू?" त्यांनी मोठ्या आस्थेने विचारले. मुलगा गोंधळला. "बाबा, हाई ते फुटबॉलनं टीशर्ट शे," एवढेच तो म्हणाला. फुटबॉल कोणाचा, हे त्यालाही ठाऊक नव्हते. जळगावच्या फुले मार्केटात मिळाला, रंग आवडला, म्हणून घेतला. पोटावर एका रशियन वायू कंपनीचे नाव ठळक अक्षरांत होते.

मंडळी हसली आणि विषय तेथेच संपला. प्रस्तुत लेखकाच्या मनातून मात्र तो सदरा गेला नाही. कारण आमचे सहकारी अगदीच चुकले होते असे नाही. तो तारा एकेकाळी खरोखरच आपल्यातला होता. तो आपल्यातून कसा गेला, ही कथा फुटबॉलइतकीच राजकारणाची आणि अर्थकारणाची आहे, आणि तिचे एक टोक खानदेशातील कपाशीच्या शेतात आहे.

तो सदरा बेलग्रेडच्या 'त्सर्वेना झ्वेझ्दा' या क्लबाचा. या शब्दांचा अर्थच 'लाल तारा' असा आहे. 1944 च्या ऑक्टोबरात बेलग्रेड शहर नाझींच्या तावडीतून मुक्त झाले आणि 4 मार्च 1945 रोजी, महायुद्ध अजून चालू असतानाच, सर्बियातील फॅसिस्टविरोधी तरुणांच्या संघटनेतून या क्लबाचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युगोस्लाव सैन्याने आपला क्लब काढला. त्याचे नाव 'पार्टिझान', म्हणजे ज्या छापामार सैनिकांनी टिटोंच्या नेतृत्वाखाली देश सोडवला त्यांचेच नाव. लाल ताऱ्याला मैदान आणि लाल-पांढरा रंग मिळाला तो 'युगोस्लाविया' नावाच्या युद्धपूर्व क्लबाकडून. तो क्लब नव्या सरकारने विसर्जित केला होता. म्हणजे क्रांतीनेदेखील सदरा नवा शिवला नाही; जुना घेतला आणि त्यावर आपला तारा लावला. इतिहासात बहुधा असेच घडते.

याहून जुने आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे क्लब सर्बियात आहेत. त्यांचे नाव 'राद्निच्की', म्हणजे कामगारांचा. निश आणि क्रागुयेवात्स या दोन शहरांतील राद्निच्की क्लब 1923 सालचे. राजेशाहीच्या काळात उघडपणे संघटना बांधणे अवघड असताना कामगार खेळाच्या निमित्ताने एकत्र येत. निशचा कामगार क्लब 1982 साली युरोपातील यूएफा चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. अशा नावाचा क्लब एवढी मजल मारतो, यात त्या देशातील तेव्हाच्या समाजरचनेचा काही एक वाटा होता, हे नाकारता येणार नाही.

आपल्या चळवळीला युगोस्लावियाविषयी एके काळी किती जवळीक वाटत होती, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. 1950 साली तेथे कारखान्यांचा कारभार कामगार मंडळांकडे देणारा कायदा झाला. मॉस्कोची ताबेदारी नाकारणारा आणि तरीही भांडवलशाहीकडे न वळणारा एक देश म्हणून आपण त्याच्याकडे पाहत होतो. 1953 च्या जानेवारीत रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली, तेव्हा युगोस्लावियाचे मिलोव्हान जिलास तेथे उपस्थित होते. वर्षभरातच नव्या नोकरशाही वर्गावर टीका केल्याबद्दल त्यांना पक्षाने पदच्युत केले. त्या घटनेतला इशारा आपण पुरेसा वाचला नाही, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

आता सदऱ्याकडे वळू. पार्टिझानचा मूळ रंग निळा आणि लाल. 1958 साली तो बदलून काळे-पांढरे पट्टे आले. परदेश दौऱ्यात इटलीच्या युव्हेंटस क्लबाने आपले सदरे भेट दिले आणि तेच पुढे कायम झाले, असे सांगितले जाते. युव्हेंटसचा सदरा तरी कोठला? तूरिनच्या त्या क्लबाचा पहिला सदरा गुलाबी होता. धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला. 1903 साली त्यांनी इंग्लंडमधून नवे सदरे मागवले, ते नॉटिंगहॅमहून आले. तेथील नॉट्स काउंटी या क्लबाचे काळे-पांढरे पट्टे असे तूरिनला आणि तेथून बेलग्रेडला पोहोचले. नॉटिंगहॅम हे लेस आणि होजियरीच्या कारखान्यांचे शहर. फुटबॉलचा सदरा गिरणगावांतून जगभर गेला, याचे हे एक लहानसे प्रमाण.

खेळदेखील तसाच गेला. इंग्लंडमध्ये 1850 च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही ती सुटी मिळत गेली. त्या अर्ध्या सुटीतून लँकेशायरचा फुटबॉल उभा राहिला. 1883 साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने इंग्लंडच्या सर्वोच्च चषकाच्या अंतिम सामन्यात ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा पराभव केला. सरदारपुत्रांना हरवणाऱ्या त्या संघात विणकर होते, सूत कातणारे होते. 1888 साली स्थापन झालेल्या इंग्लिश लीगच्या बारा क्लबांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे. आणि त्या लँकेशायरच्या गिरण्यांत कापूस कोठला? 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तेथे अमेरिकी कापसाची टंचाई पडली, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि नवी आगगाडी त्या गाठींसाठी धावू लागली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हाती सावकाराचे कागद उरले. विणकराला शनिवारची दुपार मिळाली, हे त्याच्या लढ्याचे फळ. कापूस पिकवणाऱ्याला मात्र ना भाव मिळाला, ना दुपार.

आपल्याकडे सुटीसाठीही झगडावेच लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. योगायोग असा की दुसऱ्याच वर्षी, 1891 साली, मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. मात्र ती गोऱ्या पलटणींसाठी. हा चषक पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती आला तो 1937 साली, 'बंगळूर मुस्लिम्स' या संघाच्या रूपाने. दरम्यान 1911 साली कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली. तो हिरवा-किरमिजी सदरा त्या दिवसापासून बंगालात केवळ सदरा राहिला नाही. फाळणीनंतर ईस्ट बंगालचा लाल-पिवळा रंग निर्वासितांच्या छावण्यांचा रंग झाला.

महाराष्ट्रात काय झाले? मुंबईत गिरण्या आणि कंपन्या यांनी संघ पोसले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र ही नावे कूपरेजच्या प्रेक्षकांना पाठ होती. या संघांनी कित्येक गरीब पोरांना नोकरी दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु संघ कंपनीचा होता, खेळाडूंचा वा प्रेक्षकांचा नव्हता. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे मैदानी जीवनही मिटले. 2005-06 साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ 2010 साली व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने बंद झाला. पुढे मताधिकार विकत घेऊन संघ चालवण्याची नवी पद्धत आली. पुण्याच्या संघाची जागा 2019 साली हैदराबादला गेली आणि 2025 साली हैदराबादची दिल्लीला. बँकेची शाखा हलवावी तसा क्लब हलवला जातो. प्रेक्षकांनी जीव लावलेला रंग नव्या मालकाच्या ताळेबंदात कोठे बसतो, एवढाच प्रश्न उरतो. 2019 साली मुंबईच्या संघाची बहुसंख्य मालकी घेणारा परदेशी समूह 2025 च्या अखेरीस बाहेर पडला. बाहेर पडण्यापूर्वी त्याने मुंबईच्या कोणा प्रेक्षकाचे मत विचारण्याचे कारणच नव्हते.

याउलट कोल्हापूर पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तेथील संघांची नावे. यांतील बहुतेकांची मुळे पेठेतल्या तालमीत आहेत. शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती वाढली, त्याच मातीत पुढे फुटबॉल रुजला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे हजारो माणसे जमतात. सदऱ्याचा रंग पेठेचा असतो. तो कोणी दुसऱ्या शहराला विकू शकत नाही, कारण पेठ उचलून नेता येत नाही. मोठ्या लीगचा पैसा तेथे गेला नाही, तरी क्लब टिकले. पुण्या-मुंबईचे धनवान संघ बुडाले आणि कोल्हापूरच्या तालमी उभ्या आहेत, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्यासारखा पुरावा आहे. मालकी जेथे वापरणाऱ्यांची असते तेथे संस्था नफ्याविनाही जगते.

येथे थांबून टाळ्या वाजवणे सोपे होते. परंतु प्रामाणिकपणे पुढचे पाऊल टाकले पाहिजे. कोल्हापुरात पेठापेठांची ईर्षा कधी कधी हाणामारीवर येते आणि खेळ पोलीस बंदोबस्तात होतो. आपला रंग म्हणजे दुसऱ्याचा द्वेष, ही समजूत कोठेही उगवू शकते. ती कोठवर जाते हे पाहायचे तर पुन्हा बेलग्रेडला जावे लागते.

29 मे 1991 रोजी इटलीतील बारी येथे लाल ताऱ्याने फ्रान्सच्या मार्सेय संघाला पेनल्टींवर हरवून युरोपचा चषक जिंकला. निर्णायक पेनल्टी मारली मॅसिडोनियाच्या दार्को पान्चेव्हने. त्या संघात सर्ब होते, मॉन्टेनेग्रोचा खेळाडू होता, बोस्नियाचा मुसलमान होता. युगोस्लाविया नावाच्या कल्पनेचे यापेक्षा सुंदर चित्र काढता आले नसते. आणि महिनाभरात, 25 जून रोजी, क्रोएशिया व स्लोव्हेनिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, देश फुटला, युद्ध पेटले. त्याआधी वर्षभर, 13 मे 1990 रोजी, झाग्रेबच्या मैदानावर दिनामो आणि लाल तारा यांच्या समर्थकांत भीषण दंगल झाली होती. ताऱ्याच्या समर्थकांचा म्होरक्या झेल्को राझ्नातोविच ऊर्फ अर्कान याने 1990 सालीच निमलष्करी टोळी उभी केली. प्रेक्षागारातील कित्येक तरुण तिच्यात दाखल झाले आणि क्रोएशिया-बोस्नियातील कत्तलींत या टोळीचे नाव आले. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अर्कानवर आरोपपत्र ठेवले. 2000 साली तो गोळीला बळी पडला.

आणि या सर्व काळात सदऱ्यावर लाल तारा होताच. फॅसिझमविरुद्ध लढलेल्या तरुणांनी लावलेला तारा छातीवर मिरवत माणसे वंशद्वेषाच्या घोषणा देत होती. कोणी तो काढून टाकला नाही; काढण्याची गरजच पडली नाही. चिन्ह जागच्या जागी राहिले आणि अर्थ मागच्या दाराने निघून गेला. 2010 पासून त्याच ताऱ्याखाली वायू कंपनीचे नाव आहे, ही तर फारच सौम्य गोष्ट म्हणावी लागेल.

कोणी म्हणेल, हा क्लब खाजगी झाला म्हणून असे झाले. तसे नाही. कायद्याने तो नागरिकांची सभासद-संस्थाच राहिला. परंतु सभासदांची सत्ता कागदावर आणि कारभार सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील मंडळींकडे, अशी त्याची रीत पडली. समाजवादी राजवटीत जी माणसे वरून नेमली जात, त्यांच्या जागी राष्ट्रवादी राजवटीत दुसरी माणसे वरून नेमली गेली. नेमणुकीची पद्धत आयती तयार होती. जिलासांनी 1953-54 मध्ये जे दाखवले होते, त्याची ही दूरची परंतु सरळ निष्पत्ती आहे.

खानदेशातल्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. सहकाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या किती सूतगिरण्या, किती जिनिंग-प्रेसिंग संस्था, किती पतपेढ्या यांचे सभासद नोंदवहीत आहेत आणि वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' एवढेच म्हणण्यापुरते आहेत! फलक सहकाराचा, सही एका घराण्याची. आणि खादीचे काय झाले? 1936 साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठी साने गुरुजींनी खेडोपाडी पायपीट केली. नंदलाल बोस यांनी त्या नगराची सजावट केली. तेव्हा खादीचा सदरा म्हणजे तुरुंगाची तयारी. त्याच सदऱ्याला पुढच्या पिढीत कंत्राटदाराच्या कचेरीत खुर्ची मिळू लागली. कापड तेच होते.

आता धुळ्याच्या त्या मुलाकडे येऊ. त्याचा बाप कापूस पिकवतो आणि मुलाच्या अंगातील सदरा पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचा. पॉलिएस्टर घाम लवकर वाळू देते, वजनाला हलके असते, धुतल्यावर आटत नाही. खेळाडूने ते वापरले तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण धाग्याचे सोवळे पाळणारे नाही. परंतु हिशेब पाहावा. दोनशे ग्रॅम वजनाच्या सुती सदऱ्याला वाया जाणारा भाग धरून साधारण पाव किलो रुई लागते. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. म्हणजे एका सदऱ्याला कापूस सुमारे पाऊण किलो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. या भावाने एका सदऱ्यामागे शेतकऱ्याच्या हाती पडतात सुमारे साठ रुपये, तेही हमीभाव प्रत्यक्ष मिळाला तर. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी. उलट परदेशी क्लबाचा अधिकृत सदरा हजारो रुपयांना विकला जातो. किमतीतील हा फरक कापडाचा नाही. तो रंगाचा, चिन्हाचा, म्हणजे इतर कोणाच्या तरी इतिहासाचा आहे. भांडवलशाहीने कापूस स्वस्त केला आणि आठवण महाग केली. त्याच 2025 च्या ऑगस्टात कापसावरील 11 टक्के आयातकर उठवून ही सवलत वर्षअखेरपर्यंत लांबवण्यात आली, तेव्हा नवे पीक बाजारात यायचे दिवस होते.

जळगावला खानदेश मिल होती, अमळनेरला प्रताप मिल होती, धुळ्याला न्यू प्रताप मिल होती. कापूस येथेच पिकत होता, येथेच सूत होत होते, येथेच कापड. भोंगा झाला की गाव हलत असे. आज जळगावच्या गिरणीच्या जागेवर खानदेश सेंट्रल हे व्यापारी संकुल उभे आहे. जेथे कापड विणले जात होते तेथे आता बाहेरून आलेले कपडे विकले जातात. या तीन गावांतील नव्या पिढीला भोंगा ऐकू आलेला नाही आणि आपल्या आजोबांचा रंग कोणता, हे सांगणारा एकही सदरा तिच्यापाशी नाही. मग ती बेलग्रेडचा तारा विकत घेते, यात तिचा काय अपराध?

कार्यकर्त्यांनी यावर काय करावे, हे सांगितल्याशिवाय लेख संपवणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट मैदानाची. गावोगावच्या शाळांची आणि नगरपालिकांची मैदाने कोणाच्या घशात जात आहेत, याची यादी प्रत्येक तालुका शाखेने करावी आणि त्यासाठी भांडावे. सदरा नंतर येतो, जमीन आधी. दुसरी गोष्ट क्लबांची. वर्गणी देणाऱ्या सभासदांचे, दरवर्षी हिशेब वाचणारे आणि दरवर्षी पदाधिकारी निवडणारे छोटे क्रीडा क्लब काढावेत. अध्यक्षपदी आमदाराला बसवू नये, आपल्या पक्षाचा असला तरी. त्यात सर्व मोहल्ल्यांची, सर्व जातींची मुले-मुली असतील, हे कटाक्षाने पाहावे. एका वस्तीचा क्लब लवकरच एका वस्तीची टोळी होतो, हा बेलग्रेडचा धडा आहे. तिसरी गोष्ट रंगाची. तो रंग पोरांनी स्वतः ठरवावा. आपण वरून देऊ नये. सदरा गावातच शिवला जावा, आणि तो कोणी शिवला, त्या बाईला मजुरी किती मिळाली, हे क्लबाच्या वहीत लिहिलेले असावे.

हे काम लहान आहे, त्यातून निवडणूक जिंकता येत नाही. परंतु नव्या मुलांना लोकशाही शिकवण्याचा याहून सोपा वर्ग आपल्यापाशी नाही. आपल्या बैठकांना सरासरी वय साठीच्या पुढे असते, हे आपण कितीदा हसण्यावारी नेणार?

त्या दिवशी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मुलाला विचारले, तू कोणत्या शाखेचा? त्याला उत्तर देता आले नाही, म्हणून आपण हसलो. मुलानेही एक प्रश्न विचारला असता तर आपली अडचण झाली असती. आमच्या सहकाऱ्यांच्या खादीच्या सदऱ्यावर पक्षाचा बिल्ला होता. त्या बिल्ल्याचा अर्थ काय, तुमची शेवटची सभासद नोंदणी आणि शेवटची खरी निवडणूक केव्हा झाली, असे त्याने विचारले असते, तर आपणही काही क्षण गोंधळलो असतो. तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा सदऱ्याचा प्रपंच.